धरणी का हलते? होडीवाल्यांनी समजून घ्यावा असा भूकंप



समुद्रात कुठेतरी मोठा भूकंप झाल्याची बातमी आली की आपल्या मोबाईलवर मेसेजचा पूर येतो. एक सांगतो, "त्सुनामी येतेय, होड्या आत घ्या." दुसरा लिहितो, "आज रात्री दोन वाजता पुन्हा धक्का बसणार, घरात झोपू नका." तिसरा विचारतो, "आमचा ट्रॉलर बाहेर आहे, परत बोलावू का?"

यातला पहिला सल्ला घातक आहे, दुसरा मेसेज खोटा आहे, आणि तिसऱ्याचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे. या तिघांनाही उत्तर द्यायचं तर जमीन हलते कशी आणि का, हे आधी नीट कळायला हवं. कारण कळलं की काय करायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायाखाली काय आहे

आपण जिला घट्ट जमीन म्हणतो ती एकसंध नाही. पृथ्वीच्या मध्यापर्यंत खणत गेलं तर सुमारे ६,३७० किलोमीटर जावं लागेल. त्यातलं वरचं कवच फारच पातळ आहे. जमिनीखाली साधारण ३० ते ४० किलोमीटर, तर खोल समुद्राच्या तळाखाली जेमतेम ७ किलोमीटर. त्याखाली प्रावरण नावाचा जाड थर आहे. तो दगडाचाच, पण इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशेबाने पाहिलं तर थिजलेल्या तुपासारखा सावकाश सरकतो.

कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक भाग मिळून जे तयार होतं त्याचे मोठमोठे तुकडे पडलेले आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. मोठे सात-आठ, आणि लहान बरेच. आपला देश ज्या भूपट्टावर बसलाय तो उत्तर-ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतो. म्हणजे बोटाची नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. ऐकायला काहीच नाही. पण सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हाच भूपट्ट आशियाला जाऊन भिडला आणि त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. तो रेटा अजून थांबलेला नाही.

हे भूपट्ट सरकतात ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे. तापलेला दगड सावकाश वर येतो, थंड झालेला खाली जातो. दुसरं कारण आपल्याला होडीवरून लगेच कळेल. नांगर टाकल्यावर साखळीचा बराच भाग पाण्यात गेला की तिच्याच वजनाने वरची साखळी खडखडत ओढली जाते. तसंच समुद्रतळाचा जुना, थंड आणि जड झालेला भूपट्ट एका कडेने दुसऱ्या भूपट्टाखाली बुडू लागतो, आणि बुडणारा भाग आपल्या वजनाने मागचा सगळा भूपट्ट ओढत नेतो.

अडकलेला नांगर

भूपट्ट सतत सरकतात, मग जमीन सतत का हलत नाही? कारण त्यांच्या कडा एकमेकींत अडकलेल्या असतात.

समजा तुमचा नांगर खडपात अडकलाय आणि ओहोटीचा ओढ होडीला बाहेर खेचतोय. नांगर हलत नाही, होडी मात्र इंच इंच पुढे जाते. मधला नायलॉनचा दोर ताणला जातो, लांबतो, कडक होतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका क्षणी नांगर सुटतो आणि होडीला असा हिसका बसतो की उभा माणूस आडवा पडतो. तो जोर त्या क्षणी आलेला नसतो. मघापासून दोरात साठत असतो, फक्त सुटतो एकदम.

भूकंप म्हणजे हेच. भूपट्टांच्या कडेला, किंवा भूपट्टाच्या पोटातल्या जुन्या भेगेला (तिला भ्रंश म्हणतात) दगड अडकलेला असतो. दोन्ही बाजू सरकू पाहतात. मधला दगड दशकानुदशकं, कधी शेकडो वर्षं दोरासारखा ताणत राहतो. ताण घर्षणापेक्षा जास्त झाला की भेग सटकते आणि साठलेला जोर काही सेकंदांत बाहेर पडतो.

हे पहिल्यांदा स्पष्ट मांडलं ते हॅरी रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला. भ्रंशावरून सरळ गेलेली शेतांची कुंपणं तुटून काही ठिकाणी चक्क ६ मीटरच्या आसपास बाजूला सरकली होती. अशा मोजमापांवरून रीड यांनी १९१० साली सांगितलं की जमीन आधी वाकते, ताणते आणि मग झटक्यात सुटून सरळ होते.

एकदा सुटल्यावर आजूबाजूचे तुकडे नव्या जागी बसायला वेळ घेतात. म्हणून मोठ्या भूकंपानंतर दिवसेंदिवस, महिनोन् महिने छोटे धक्के बसत राहतात.

हादरा पोहोचतो कसा

भेग जिथे सटकली त्या खोलवरच्या जागेला नाभी म्हणतात, आणि तिच्या बरोबर वर जमिनीवरचं ठिकाण म्हणजे अपिकेंद्र. नाभीपासून दोन मुख्य प्रकारच्या लाटा दगडातून निघतात. पहिली दाबाची लाट. ती ढकलत, दाबत जाते आणि सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. दुसरी आडवी हलवणारी लाट. ती साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हळू, पण घरं पाडते ती बहुतेक हीच आणि तिच्यामागून पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा.

वीज आधी चमकते, गडगडाट नंतर येतो, आणि मधला वेळ मोजून आपण ती किती लांब पडली ते ओळखतो. भूकंपमापी यंत्रंही तेच करतात. दोन लाटांमध्ये एका सेकंदाचं अंतर असेल तर भूकंप साधारण ८ किलोमीटर दूर. अशी तीन वेगवेगळ्या ठिकाणची मोजमापं जुळवली की जागा सापडते.

आता आपल्या कामाची गोष्ट. आडवी हलवणारी लाट पाण्यातून जाऊच शकत नाही. पाण्यातून वर येते ती फक्त दाबाची लाट. म्हणून भूकंपाच्या जागेजवळ समुद्रात असलेल्या बोटीला हेलकावा बसत नाही, तर तळ खडकाला घासल्यासारखा थरथराट जाणवतो. पाणी खोल असताना बोट खडकावर लागल्यासारखी वाटली, तर कारण हेही असू शकतं.

आकडा मोठा की नुकसान मोठं

बातमीत "रिश्टर" ऐकू येतं. चार्ल्स रिश्टर यांनी ते माप १९३५ साली तयार केलं. आज मोठ्या भूकंपांसाठी त्याचीच सुधारलेली पद्धत वापरतात. यात एक आकडा वाढला की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन आकडे वाढले की जवळपास हजार पट.

पण तो आकडा भूकंपाचा असतो, आपल्या घराला बसलेल्या धक्क्याचा नाही. देवळासमोरचा ढोल एकाच जोराने वाजतो, पण शेजारच्या घराची भांडी हलतात आणि वाड्याच्या टोकाला नुसता आवाज येतो. भूकंप किती खोल झाला, घर किती जवळ, खाली कातळ आहे की गाळ-वाळू, भिंती कशा बांधल्यात, यावर नुकसान ठरतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठी माणूस विसरणार नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला धक्का बसला. आकडा ६.२. जगाच्या हिशेबाने फार मोठा नाही. पण नाभी उथळ होती, वेळ झोपेची होती, आणि घरं जाड दगड-मातीच्या भिंतींची. जवळपास १० हजार माणसं गेली. किल्लारी भूपट्टाच्या कडेला नाही, मधोमध आहे. उत्तरेकडे हिमालयाशी चाललेल्या रेट्याचा ताण सगळ्या भूपट्टावर येतो आणि पोटातल्या जुन्या भेगाही कधीतरी सुटतात.

कोयनेची गोष्ट वेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला, सुमारे १८० जण दगावले. धरणात पाणी साठवायला सुरुवात झाल्यावर त्या भागात धक्के वाढले होते. पाण्याचं वजन आणि भेगांमध्ये मुरणारं पाणी यांनी आधीच ताणलेला भ्रंश सुटायला मदत झाली, असं शास्त्रज्ञ मानतात.

आपला गोवा? २००२ सालच्या भारतीय मानकाच्या नकाशात पणजी तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होती. घाबरून जावं असं नाही, पण नवीन घर बांधताना इंजिनिअरला भूकंपाचं विचारून घ्यावं इतकं नक्की.

समुद्राखाली सुटला की

जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथे जगातले सर्वांत मोठे भूकंप होतात. खालचा भूपट्ट आत जाताना वरच्याची कड आपल्याबरोबर ओढत, वाकवत नेतो. सुटला की वाकलेली कड उसळी मारून वर येते. तिच्यावर उभं असलेलं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकदम उचललं जातं. ते पाणी पसरत जातं. हीच त्सुनामी.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ हेच झालं. आकडा ९.१. किल्लारीच्या सुमारे २२ हजार पट ऊर्जा. भेग सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर फाटत गेली आणि फाटायला आठ-दहा मिनिटं लागली. अंदमान-निकोबारच्या कित्येक गावांना पळायला काही मिनिटंच मिळाली. तामिळनाडूला पाणी दोन-अडीच तासांनी पोहोचलं. वेळ होता, पण सांगणारं कोणी नव्हतं. सगळे देश मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली, त्यात मच्छीमार वस्त्या किती होत्या ते वेगळं सांगायला नको. लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळमध्ये कोल्लमच्या आलप्पाड गावातही घुसली. मुरगावच्या भरती मोजणाऱ्या यंत्रावरही तिची नोंद झाली.

पण समुद्रातला प्रत्येक मोठा भूकंप त्सुनामी आणत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी त्याच भागात ८.६ चा भूकंप झाला. तेव्हा दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या, तळ फारसा वर-खाली झाला नाही. त्यामुळे लाट किरकोळ आली. तळाने पाणी उचललं तरच लाट.

लाट बाहेर दिसत नाही, बंदरात दिसते

वाऱ्याची लाट पाण्याचा वरचा थर हलवते. त्सुनामीत तळापर्यंतचं पाणी सरकतं. तिची लांबी खोल समुद्रात शे-दोनशे किलोमीटरही असते. वेग खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीवर ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या जवळपास. ५० मीटरवर, म्हणजे साधारण २७ वाव पाण्यात, ताशी ८०. आणि १० मीटरवर ताशी ३६.

घाटात पुढची गाडी हळू झाली की मागच्या येऊन चिकटतात. तसंच लाटेचं तोंड उथळ पाण्यात मंदावतं, मागचं पाणी वेगात येत राहतं, आणि साचून उंच होतं. २००४ ची लाट खुल्या समुद्रात उपग्रहाने मोजली तेव्हा ती अर्धा-पाऊण मीटरच होती. शंभर-दोनशे किलोमीटरवर पसरलेला अर्ध्या मीटरचा चढ होडीवर उभ्या माणसाला कळणारच नाही.

जपानी लोकांनी हिला नाव दिलं ते यामुळेच. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसं त्सुनामीत गेली. त्या रात्री बाहेर मासेमारीला गेलेल्यांना समुद्रात काहीच जाणवलं नव्हतं. परत आले तेव्हा गावं वाहून गेली होती. त्या भूकंपाचा धक्काही किनाऱ्यावर सौम्यच वाटला होता.

म्हणून त्या पहिल्या मेसेजला उत्तर हे, की बाहेर असलेली होडी आत घ्यायची नाही. बाहेरच ठेवायची.

आपला किनारा आणि मकरान

गोवा-कोकणच्या किनाऱ्यासमोर भूपट्ट बुडत नाही. त्यामुळे आपल्या दाराशी सुमात्रासारखा भूकंप होण्याची जागा नाही. पण अरबी समुद्राच्या उत्तरेला, इराण आणि पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर, ती जागा आहे.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथे ८.१ चा भूकंप झाला. पसनी बंदर उद्ध्वस्त झालं. मुंबईत पाणी पोहोचलं सकाळी सव्वाआठच्या सुमारास, सुमारे २ मीटर उंचीचं. दांडा आणि जुहूला मच्छीमारांच्या होड्या दोर तोडून गेल्या. वर्सोव्याला मासे पकडणारे वाहून गेले. मुंबईत एकूण १५ जण गेले.

धक्का पहाटे, पाणी सकाळी. मध्ये जवळपास पाच तास. आपल्यासाठी खरा धडा हा आहे. आपल्याकडे येणाऱ्या त्सुनामीचा भूकंप बहुधा इतका दूर असेल की पायाखाली काहीच हलणार नाही. म्हणजे आपली खूण जमिनीत नाही, रेडिओवर आणि मोबाईलवर आहे.

भाकीत होत नाही, इशारा मिळतो

अमुक तारखेला, अमुक वाजता भूकंप होणार, हे आज जगात कोणीही सांगू शकत नाही. दोर किती ताणलाय याचा अंदाज करता येतो, कधी सुटेल ते नाही. तेव्हा तारीख-वेळ देणारा मेसेज आला की पुढे न पाठवता पुसून टाका.

त्सुनामीचा इशारा मात्र देता येतो. हादरा दगडातून सेकंदाला काही किलोमीटर धावतो, पाणी खोल समुद्रातही सेकंदाला २०० मीटरच. जमिनीची बातमी पाण्याच्या पुष्कळ आधी पोहोचते. मासळीचे संभाव्य पट्टे सांगणारं हैदराबादचं इन्कॉइस केंद्र आपल्याला ठाऊक आहे. तिथेच ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र रात्रंदिवस चालतं. तिथून वॉर्निंग आली तर किनारा रिकामा करायचा. अलर्ट म्हणजे वाळूवर, पाण्याजवळ थांबायचं नाही. वॉच म्हणजे कान उघडे ठेवायचे.

मग करायचं काय

बोट समुद्रात असेल आणि इशारा आला तर बंदरात, नदीच्या मुखात शिरू नका. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा, कोणतंही मुख असो, तिथे पाणी कोंडतं, ओढ भयानक होतो आणि बोटी एकमेकींवर आपटतात. जास्त खोल पाण्याकडे जा, व्हीएचएफ चॅनेल १६ लावून ठेवा, आणि "धोका टळला" हे अधिकृतपणे ऐकल्याशिवाय परतू नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

बोट जेटीला असेल आणि तुम्ही किनाऱ्यावर असाल तर बोट सोडा. होडी बाहेर काढायला वेळ आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही. बंदर खातं किंवा तटरक्षक दल सांगेल तसं करा. कर्ज काढून घेतलेली बोट सोडून निघणं किती जड जातं, हे या पानावर कोणाला समजावायला नको. तरीही बोटीचा विमा उतरवता येतो.

किनाऱ्यावर असताना जोरदार किंवा बराच वेळ हादरा बसला तर इशाऱ्याची वाट न पाहता चालत उंचावर जा. टेकडी नसेल तर पक्क्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्याही वर.

समुद्र अचानक आटून तळ उघडा पडला तर मासे गोळा करायला धावू नका. पाणी मागे गेलं नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. २००४ साली भारताच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक ठिकाणी पाणी थेट चढतच आलं.

पहिली लाट ओसरली म्हणून जाळी बघायला खाली उतरू नका. त्सुनामी एक लाट नसते. दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने लाटा येत राहतात, आणि दुसरी-तिसरी पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

घरात असताना धक्का बसला तर मजबूत टेबलाखाली शिरून डोकं सांभाळा. कौलं आणि भिंतीजवळून पळू नका. हादरा थांबल्यावर गॅस बंद करून बाहेर पडा.

शेवटी एकच विनंती. हे आपल्या तांडेलाला आणि खलाशांना सांगा. बरेच खलाशी परराज्यातले असतात, त्यांना हिंदीत समजावून सांगा. "भूकंप झाला की बोट आत नाही, बाहेर, आणि माणूस खाली नाही, वर." एवढं तरी बोटीवरच्या प्रत्येकाच्या तोंडी असू दे.